डेव्हलपमेंट इम्पॅक्ट बाँड: करारात नेमकं कुठे फसतं?

कोरीपाटी:
शिक्षण प्रकल्पासाठी अनुदानाऐवजी इम्पॅक्ट बाँड करायचं घाटतंय. आधी पैसे गुंतवणूकदार घालणार, निकाल दिसला की दुसरी एखादी देणगीदार संस्था ते परताव्यासह फेडणार, इथवर कळलं. पण निकाल मोजायचा कशावर? पास झालेल्या मुलांची टक्केवारी चालेल?

मोजपट्टी:
टक्केवारी नकोच. पास-नापासाची रेघ मारली की सगळा जोर रेघेच्या जरा खाली असलेल्या मुलांवर लागतो. तळातली मुलं तिथवर पोचणार नाहीत हे दिसतंच, मग ती वाऱ्यावर. त्यापेक्षा अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा पायऱ्या धरा आणि मूल किती पायऱ्या चढलं त्याचे पैसे ठेवा. अक्षरावरून शब्दावर आलेलं मूलही मग हिशेबात येतं.

राजस्थानात भीलवाडा जिल्ह्यातला एज्युकेट गर्ल्स या मुलींच्या शिक्षणावर काम करणाऱ्या संस्थेचा बाँड (२०१५ ते २०१८) बघा. गुंतवणूक यूबीएस ऑप्टिमस फाउंडेशनची, सुमारे २,७०,००० डॉलर. फेडणारी संस्था चिल्ड्रन्स इन्व्हेस्टमेंट फंड फाउंडेशन, मोजणी आयडीइनसाइटची. ८० टक्के रक्कम शिकण्यातल्या प्रगतीवर, २० टक्के शाळाबाह्य मुलींच्या पटनोंदणीवर. प्रगती धरली तीही तुलनेच्या, म्हणजे कार्यक्रम नसलेल्या गावांपेक्षा जास्त झाली तेवढीच. नाहीतर मूल वर्षभरात एरवीही जे शिकतं, त्याचेसुद्धा पैसे मोजत बसा.

वहीखाते:
वर दोन गोष्टी जोडतो. चाचणीच्या दिवशी कच्ची मुलं हमखास गैरहजर असतात आणि सरासरी फुगते. गैरहजर मुलाची चाचणी घरी जाऊन किती दिवसांत घ्यायची, तरीही सापडलं नाही तर कोणते गुण धरायचे, हे पहिली चाचणी होण्याआधीच करारात लिहा. नंतर लिहायला गेलात की दोन्ही बाजूंना आपला फायदा कशात आहे ते कळलेलं असतं.

दुसरं म्हणजे शाळाबाह्य मुलींची यादी. स्थलांतरित, दोनदा लिहिलेली, वयात न बसणारी अशी नावं त्यात असतातच. मूल्यमापकानं दारोदार फिरून नमुना तपासल्याशिवाय त्या आकड्यावर पैसे बांधू नका.

उलटतपासणी:
मुळात बाँडच हवा का, हे आधी विचारा. वकील, मध्यस्थ, मूल्यमापक यांचा खर्च प्रकल्प लहान म्हणून कमी होत नाही. संस्थेकडे वर्षभर पुरेल इतकं खेळतं भांडवल असेल तर देणगीदाराशी सरळ निकालावर आधारित अनुदानाचा करार करा, गुंतवणूकदार मध्ये लागतच नाही.

आणि अडचण वस्तूच बाजारात नसण्याची असेल तर उपाय वेगळा. न्यूमोनियावरच्या न्यूमोकोकल लशीसाठी पाच देश आणि गेट्स फाउंडेशननं लस उत्पादकांना १.५ अब्ज डॉलर आधीच कबूल केले. सुरुवातीच्या डोसांना जादा रक्कम, बदल्यात पुढे डोसला जास्तीत जास्त ३.५० डॉलर हे बंधन. तिथे पैसा मिळणार होता तो लस खरोखर पुरवल्यावर.

कोरीपाटी:
भांडवल नाही, तेव्हा बाँडच. पैसे दरवर्षी चुकते करावेत की शेवटी?

मोजपट्टी:
मोजणी दरवर्षी, हिशेब शेवटी. भीलवाड्यात दोन वर्षांनी शिकण्याचं लक्ष्य जेमतेम निम्मं गाठलं होतं. ते आकडे हातात होते म्हणून तिसऱ्या वर्षी इयत्ता सोडून पातळीनुसार गट केले, गैरहजर मुलांना घरी जाऊन शिकवलं, आणि शेवटचा आकडा लक्ष्याच्या १६० टक्क्यांवर गेला. तिथे गुंतवणूकदाराचा परतावा वार्षिक १५ टक्के पडला. तुमच्याही करारात परताव्याची कमाल मर्यादा घाला, आणि रक्कम कुठल्या चलनात फेडायची तेही. गुंतवणूक एका चलनात, खर्च दुसऱ्यात असेल तर विनिमय दराचा फटका कोणी सोसायचा, यावर शेवटी भांडणं होतात.