अनुभव धागा: घरात शेवटचं आजारपण आणि तान्ही नातवंडं

मुंबईतल्या ख्रिस्ती घरांत हा प्रसंग वरचेवर येतो. आजीचा किंवा आजोबांचा आजार आता बरा होणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलेलं असतं आणि त्याच सुमारास लेक किंवा सून बाळंत होते. घर वन बीएचके. एका खोलीत वेदना शमवणारं मॉर्फिन, दुसऱ्या खोलीत पाळणा. भीतीपोटी बाळाला दूर ठेवलं जातं किंवा बाप्तिस्म्याची घाई इतकी उशिरा सुरू होते की काहीच जमत नाही. रुग्णसेवा, चर्च किंवा बालआरोग्याचं काम ज्यांनी केलंय त्यांनी इथे नेमकं लिहावं: काय करायचं, कधी करायचं, कुठे बिघडतं. स्वतःच्या घरची कथा नको. पुढच्या घराला उपयोगी पडेल तेवढंच लिहा.

होमकेअर नर्स, परळ

पहिला प्रश्न हाच येतो की बाळ पेशंटच्या जवळ द्यायचं का. द्यायचं. कॅन्सर लागत नाही. वेळ मात्र औषधाच्या हिशेबाने ठरवा. मॉर्फिनची साधी गोळी दर ४ तासांनी असते. तिचा पूर्ण असर यायला साधारण तासभर लागतो. सकाळी १० ची गोळी असेल तर बाळ ११ च्या सुमारास द्या. ९:३० ला, म्हणजे आधीचा असर ओसरत असताना देऊ नका. गोळीनंतर पेशंट पेंगत असेल तर त्या वेळी बाळ नको. झोपाळलेल्या माणसाच्या कुशीत बाळ ठेवून कुणीही खोलीबाहेर जायचं नाही, दोन मिनिटांसाठीसुद्धा.

कॅन्सर हाडांत पसरला असेल तर बाळ उचलून हातात देऊ नका, दंडाचं किंवा बरगडीचं हाड तेवढ्यानेही मोडू शकतं. पाठ टेकवून बसवा, मांडीवर उशी, उशीवर बाळ. स्तनाच्या ऑपरेशननंतर हात सुजलेला असेल तर बाळाचं डोकं दुसऱ्या बाजूला. नाकातली नळी, ड्रेन किंवा लघवीची नळी आधी कपड्याखाली घ्या. तीन-चार महिन्यांचं बाळ हाताला लागेल ते ओढतं.

आता वेदनेसाठी कातडीला चिकटवतात त्या औषधी पॅचबद्दल, कारण धोका इथे सर्वांत जास्त आहे. फेंटानिलचा पॅच छातीवर लावलेला असतो आणि बाळालाही छातीशीच धरतात. पॅच सुटून बाळाच्या अंगाला चिकटला तर बाळाचा श्वास मंदावून जीव जाऊ शकतो. पॅच पाठीवर वरच्या बाजूला लावायला सांगा, जागा दर वेळी बदला, वर कपडा ठेवा. बाळ देण्याआधी आणि परत घेताना पॅच जागेवर आहे का ते हात लावून पाहा. ७२ तासांनी काढलेल्या पॅचमध्येही बरंच औषध उरतं. तो चिकट बाजू आत घेऊन दुमडा आणि झाकणाच्या डब्यात, कुलपात ठेवा. घरात रांगणारं मोठं भावंड असेल तर केराच्या बादलीत टाकूच नका. पॅचवर गरम पाण्याची पिशवी ठेवायची नाही आणि तो कापायचा नाही. उष्णतेने औषध जास्त शोषलं जातं, तापातही तेच होतं. ताप चढला तर डॉक्टरांना फोन करा.

मॉर्फिनने बद्धकोष्ठ होतो, म्हणून ते सुरू झालं की त्याच दिवसापासून पोट साफ होण्याचं औषध. ते विसरलं की चार दिवसांत पोट फुगतं, उलट्या होतात आणि घरचे मॉर्फिनलाच दोष देऊन ते बंद करतात.

बालरोग विभागातली सिस्टर, अंधेरी

नर्सताईंच्या बोलण्यात भर. केमो झाल्यावर किमान ४८ तास लघवी, उलटी, शी यांत औषधाचा अंश असतो. हातमोजे घालून साफ करा, कमोडचं झाकण लावून दोनदा फ्लश करा, चादरी वेगळ्या धुवा. हे काम गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईकडे देऊ नका. आपल्याकडे नेमकी सूनच हे करते. त्या दोन दिवसांतही आजीने हात धुऊन बाळाला जवळ घ्यायला हरकत नाही.

किरणांबद्दल फार गोंधळ असतो. बाहेरून मशीनने दिलेल्या रेडिएशननंतर माणसातून किरण येत नाहीत. पेट स्कॅनच्या दिवशी मात्र उरलेला दिवस बाळाला आणि गरोदर बाईला लांब ठेवा, टोचलेल्या किरणोत्सारी द्रव्याचं अर्धं आयुष्य सुमारे ११० मिनिटं असतं, दुसऱ्या दिवशी काळजी नाही. थायरॉइडसाठी रेडिओ-आयोडीन दिलं असेल तर किती दिवस दूर राहायचं ते हॉस्पिटल लिहून देतं. ते दिवस तंतोतंत पाळा.

बाळाच्या पोलिओच्या थेंबांत जिवंत लस असते आणि ती शीतून बाहेर पडते. घरात प्रतिकारशक्ती फार खालावलेला पेशंट आहे हे बालरोगतज्ज्ञांना लशीच्या आधी सांगा, ते इंजेक्शनच्या लशीचा विचार करतील. ६, १० आणि १४ आठवड्यांची रोटाव्हायरसची लसही जिवंत असते आणि शीतून बाहेर पडते, तिच्याबद्दलही आधी विचारा. त्यानंतर काही आठवडे डायपर पेशंटने बदलू नये. बीसीजीच्या लशीच्या जागी फोड येऊन पिकतो, तो नेहमीचाच असतो.

उलट दिशेने, पेशंटकडून बाळाला होणारा त्रास तीन गोष्टींचा. नागीण उठली असेल तर खपल्या धरेपर्यंत जखम झाकलेली ठेवा आणि बाळ लांब ठेवा, त्यातून बाळाला कांजिण्या होऊ शकतात. ओठावर जर, म्हणजे हर्पिसचा पाणीदार फोड, उठला असेल तर बाळाची पापी कुणीही घ्यायची नाही, नवजात बाळाला तो जीवघेणा ठरू शकतो. आणि घरात कुणाचाही खोकला दोन आठवड्यांवर गेला तर टीबीसाठी थुंकीची तपासणी. रोज चार घरं फिरणाऱ्या मालिशवाल्या मावशींनाही हेच विचारा.

बेड आणि ऑक्सिजन भाड्याने देणारा, दादर

बाळाला धुरी देण्याची शेगडी आणि पेशंटचा ऑक्सिजन एका घरात असतील तर शेगडी बंद. घरच्या अल्तारावरची, म्हणजे प्रार्थनेच्या जागेवरची, मेणबत्तीही. ऑक्सिजन चालू असलेल्या खोलीत ज्योत नको, किमान १० फूट अंतर हवं. चादरीत आणि केसांत ऑक्सिजन साठून राहतो, म्हणून मशीन बंद करून लगेच काडी ओढू नका. सेलवर चालणारी मेणबत्ती मिळते, फादरही ती चालवून घेतात. नळीजवळ व्हॅसलीन किंवा तेल नको, ओठ कोरडे पडले तर पाण्याचं जेल घ्या. बाळाच्या मालिशीचे तेलकट हात धुतल्याशिवाय नळीला लावायचे नाहीत.

वीज गेली तर? बी टाइप सिलिंडरमध्ये सुमारे १५०० लिटर असतो, मिनिटाला २ लिटरने बारा तास पुरतो. भरलेला एक घरात ठेवा, साखळीने भिंतीला बांधा. पाळण्याच्या बाजूला उभा करू नका.

बेड मागवण्याआधी दाराची आणि लिफ्टची रुंदी मोजून सांगा. बेड सुमारे ३ फूट रुंद, साडेसहा फूट लांब असतो. शक्यतो बेड हॉलमध्ये खिडकीशी आणि बाळंतीण आतल्या खोलीत. भेटायला येणारी गर्दी मग बाळापर्यंत जात नाही. दम लागत असेल तर छोटा टेबल फॅन पेशंटच्या तोंडावर, बाळाच्या दिशेने नाही.

पॅरिश (स्थानिक कॅथलिक चर्च) ऑफिस, पश्चिम उपनगर

आजीला बाप्तिस्मा बघायचा असेल तर डॉक्टरांनी 'महिने' म्हटल्याबरोबर ऑफिसात या, 'दिवस' म्हणेपर्यंत थांबू नका. बाळाचा जन्मदाखला, आईवडिलांचा चर्चमधला लग्नाचा दाखला, धर्मपिता-धर्ममाता (गॉडफादर-गॉडमदर) यांचे दृढीकरणाचे (कन्फर्मेशनचे) दाखले लागतात, शिवाय आईवडिलांची तयारीची बैठक. ही बैठक बाळ जन्मायच्या आधीही करता येते. जन्मदाखल्यावर नाव नसेल तर अडू नका. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, नाव १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येतं.

घरी बाप्तिस्मा द्या अशी विनंती सारखी येते. चर्चच्या कायद्यात कलम ८६० आहे: बाळाच्या जिवाला धोका नसेल तर घरी बाप्तिस्मा होत नाही, गंभीर कारण असेल तरच बिशपांच्या परवानगीने होतो. आजी अंथरुणावर असणं हे कारण मांडता येतं, पण अर्ज पॅरिश प्रीस्टमार्फत जातो आणि त्याला वेळ लागतो. डॉक्टरांचं पत्र जोडा. आजी व्हीलचेअरवर येऊ शकत असेल तर मिस्सेविना (मिस्सा म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना), दुपारच्या शांत वेळी चर्चमध्ये केलेला विधी सर्वांत सोपा जातो. अर्ध्या तासाचं काम. रॅम्प कुठल्या दाराला आहे ते आधी पाहून घ्या.

आजी धर्ममाता होऊ शकते का? होऊ शकते. कलम ८७४ प्रमाणे बाळाचे आईवडील होऊ शकत नाहीत, आजीला आडकाठी नाही. १६ वर्षं पूर्ण, कॅथलिक, दृढीकरण झालेलं, ख्रिस्तप्रसाद घेतलेला आणि श्रद्धेने जगणं, एवढं हवं. पण बाळाला पुढे वाढवताना कुणीतरी हवं, म्हणून दुसरी व्यक्ती तरुण निवडा. आजी त्या दिवशी येऊ शकली नाही तर प्रतिनिधी उभा राहतो आणि रजिस्टरात नाव आजीचंच लागतं.

सी.एन.आय. (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, प्रोटेस्टंट) मंडळीतली सेविका, भायखळा

आमच्याकडे आणि मेथडिस्टांकडेही बाळांचा बाप्तिस्मा होतो, पण नियम पाळकांना विचारूनच. काही मंडळ्यांत बाप्तिस्मा मोठेपणी असतो, तिथे बाळाचं समर्पण होतं. ते घरी, पलंगाशी करायला सहसा अडचण नसते. प्रभुभोजन घरी आणायला सांगताना गिळता येतं का ते पाळकांना आधी कळवा.

आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद नेणारे सेवक, वांद्रे

गिळायला त्रास असेल तर ओस्तीचा (ख्रिस्तप्रसादाच्या पातळ भाकरीचा) अगदी लहान कण आणि लगेच चमचाभर पाणी. तेही जमत नसेल तर फादरांना विचारा, गरज असेल तर फक्त द्राक्षारसाच्या रूपातही देता येतो. तासाभराच्या उपवासाची अट आजाऱ्याला नाही, त्याची शुश्रूषा करणाऱ्यांनाही नाही. बाळंतीण रात्रभर पाजून दमलेली असते, तिलाही द्या. ख्रिस्तप्रसाद घरी आणायला महिन्याच्या पहिल्या शुक्रवारची वाट बघायची गरज नाही.

तेल लावण्याचा संस्कार शेवटच्या घटकेसाठी राखून ठेवू नका. आजार गंभीर झाला की घ्यायचा असतो आणि प्रकृती आणखी ढासळली तर पुन्हा घेता येतो. पाद्री आले की माणूस जाणार, ही समजूत आपल्या घरांत घट्ट आहे. त्यामुळे बेशुद्धीत बोलावणं येतं आणि पापनिवेदन राहून जातं. तेल कपाळाला आणि हातांना लागतं, तो संस्कार फक्त धर्मगुरूच देऊ शकतात. बाळ त्या वेळी खोलीत असू द्या.

बेड, व्हीलचेअर, डायपरचा खर्च झेपत नसेल तर पॅरिशच्या विन्सेंट डी पॉल सोसायटीला विचारा. घरी सांभाळणं अशक्य झालं तर वांद्र्याला माउंट मेरीजवळ शांती आवेदना सदन आहे, १९८६ पासून, देशातलं पहिलं हॉस्पिस. शेवटच्या टप्प्यातल्या कॅन्सरच्या रुग्णांना ते घेतात, पैसे घेत नाहीत. बाळाला भेटीला नेण्याबद्दल तिथल्या सिस्टरांशी आधी बोला.

स्पीच थेरपिस्ट

घशाच्या किंवा जिभेच्या कॅन्सरमध्ये आवाज आधी जातो. गळ्याला भोक पाडायची तारीख ठरली की त्याआधीच रेकॉर्डिंग करा: बाळाचं नाव, क्रुसाची खूण आणि 'हे आमच्या स्वर्गातील बापा', एखादं अंगाईगीत. दोन-दोन मिनिटांचे तुकडे, सकाळी, पंखा बंद करून, फोन तोंडापासून वीतभर अंतरावर. 'काहीतरी बोला' म्हटलं की माणूस रडतो आणि थांबतो, प्रश्न विचारा. पत्र लिहायचं तर बाळाच्या पहिल्या ख्रिस्तप्रसादासाठी एक, लग्नासाठी एक. लिहिता येत नसेल तर सांगतील ते उतरवून घ्या, सही त्यांची.

वकील, बोरिवली

मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. ज्याला काही मिळणार आहे त्याला किंवा त्याच्या नवराबायकोला साक्षीदार करू नका, त्यांना दिलेलं रद्द होतं. मृत्युपत्र नसेल तर ख्रिस्ती कुटुंबात १९२५ च्या कायद्याने एक तृतीयांश जोडीदाराला, दोन तृतीयांश मुलांना, मुलगा-मुलगी समान. मुलं हयात असतील तर नातवंडांना आपोआप काही मिळत नाही. त्यांना द्यायचं असेल तर लिहावंच लागतं.

व्हेंटिलेटर नको असेल तर लिव्हिंग विल, म्हणजे शेवटी कोणते उपचार नकोत ते आधीच लिहून ठेवणं. सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये पद्धत सोपी केली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. मुंबईत महापालिकेने वॉर्डांतले आरोग्य अधिकारी या कागदांचे अभिरक्षक नेमले आहेत.

फॅमिली डॉक्टर, मालाड

घरीच मरण हवं असेल तर पेशंटला नियमित पाहणारा डॉक्टर आत्ताच ठरवा. घरच्या मृत्यूचं कारण तो फॉर्म ४ए वर लिहितो, त्यावर मृत्युनोंद आणि दफन अवलंबून. पेशंटला न पाहिलेला डॉक्टर सही करत नाही. मग धावपळ, पोलीस, कधी शवविच्छेदन. शेवटच्या क्षणी घाबरून हॉस्पिटलात नेलं तरी हेच होतं.

शेवटच्या दिवसांत घशात घरघर येते. ऐकणाऱ्याला भयंकर वाटते, पेशंटला त्रास होत असल्याची ती खूण नव्हे. कुशीवर वळवा, डोकं थोडं उंच. चमच्याने पाणी ओतू नका, छातीत जातं. ओठ ओल्या कापडाने पुसा. गुडघ्यांवर निळसर जाळी दिसू लागली, श्वास थांबून थांबून येऊ लागला की बहुधा काही तास किंवा एखाद-दुसरा दिवस उरतो. कान बहुधा शेवटपर्यंत काम करतात, बाळाला त्या खोलीत रडू द्या.

दफनाची चौकशीही आधी करा. पॅरिशच्या दफनभूमीत जागा आहे का, नाहीतर शिवडीची ख्रिस्ती दफनभूमी. दहनाला कॅथलिक चर्चची १९६३ पासून मुभा आहे, अस्थी मात्र विखरायच्या नाहीत, दफनभूमीत पुरायच्या किंवा तिथल्या कोनाड्यात ठेवायच्या.

पाजण्याबद्दल सल्ला देणारी, वसई रोड

एक गोष्ट राहिली: बाळंतीण. दुःखाने दूध आटत नाही. पाजण्याच्या वेळा चुकल्या की कमी होतं. घरात कुणी गेलं की पाहुण्यांच्या गराड्यात सहा-सहा तास बाळ अंगावर घेतलंच जात नाही, छाती दगडासारखी होते, ताप येतो. एका बाईला फक्त एवढंच काम द्या: दर दोन-अडीच तासांनी तिला उठवून आत नेणं. मिस्सेला आणि दफनभूमीत बाळाला सोबत न्यायला हरकत नाही. ठेवून जायचं असेल तर दूध आधी काढून ठेवा. २५ अंशांपर्यंत ते ४ तास टिकतं, मुंबईच्या उन्हाळ्यात त्याहून कमी धरा. फ्रिजमध्ये ४ दिवस. उकळायचं नाही, वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करायचं आणि बाटलीऐवजी उकळलेल्या वाटी-चमच्याने पाजायचं.