पाठ केलेले इंग्रजी शब्द वाक्यात का उतरत नाहीत?

प्रश्न (शिक्षिका, जत तालुका)

नमस्कार. जतच्या पूर्व भागातील जिल्हा परिषद शाळेत मी सहावीला इंग्रजी शिकवते. रोज दहा शब्द स्पेलिंग व अर्थासह पाठ करून घेण्याची आमची पद्धत आहे. मुले दुसऱ्या दिवशी ते बिनचूक म्हणून दाखवतात, मात्र आठवड्याने बरेचसे विसरलेले असतात आणि जे आठवतात त्यांचे वाक्य करता येत नाही. काहींच्या घरी कन्नड बोलली जात असल्याने मराठी अर्थसुद्धा त्यांना पाठच करावा लागतो. शब्द कमी करावेत की पद्धत बदलावी?

उत्तर (माध्यमिक शिक्षक, खटाव)

मॅडम, शब्द जरूर कमी करा, पण आधी यादी तपासा. आपल्या याद्यांत प्राणी, फळे, रंग यांचाच भरणा असतो आणि क्रियापदाविना वाक्य उभे राहत नाही. टेक, पुट, गिव्ह, ब्रिंग ही क्रियापदे व इन, ऑन, अंडर ही अव्यये आधी पक्की व्हावीत. ‘टेबलावर’ म्हणताना आपण ‘वर’ नामाच्या मागे जोडतो, इंग्रजीत ‘ऑन’ नामाच्या आधी येते. कन्नडचीही रीत मराठीसारखीच असल्याने ही अडचण तुमच्या साऱ्याच वर्गाची आहे. ‘पुट द चॉक ऑन द टेबल’ असे सांगून ती कृती करून घेतली, तर मराठी अर्थ बहुधा सांगावाच लागत नाही. ‘ऑनेस्ट’सारख्या शब्दाला मात्र अर्थ द्यावा लागतो; तेथे कन्नड प्रतिशब्द मुलांनाच विचारावा.

उत्तर (शिक्षिका, वाळवा)

पाठ केलेले सुरुवातीला झपाट्याने विसरले जाते, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच दाखवले होते. म्हणून तेच शब्द दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने पुन्हा विचारावेत, तेही वही मिटवून. ‘दहा वेळा लिहून आणा’ या गृहपाठात हात चालतो, डोके चालत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. मी जुने शब्द चिठ्ठ्यांवर लिहून डब्यात ठेवते व रोज काही काढून त्यांची वाक्ये करून घेते. गळीत हंगामात ऊसतोड कामगारांची मुले वर्षाच्या मध्येच वर्गात येतात, त्यांनाही या डब्यामुळे मागचे शब्द भेटतात.

उत्तर (शिक्षक, पाटण)

हे पटते, परंतु शिष्यवृत्ती परीक्षेसाठी शब्दसंग्रह लागतोच आणि पालकही वहीतील शब्दच मोजतात.

प्रश्नकर्त्या शिक्षिका

आभारी आहे. सोमवारपासून पाचच शब्द घेईन, त्यांत दोन क्रियापदे असतील. स्पेलिंग मात्र तोंडी वाक्य जमल्यानंतरच.