लॅन वायरिंगसाठी स्वस्तातला केबल टेस्टर कुठला घ्यावा? आठही लाईट लागतात खरं नेट लटकतंय

मंडळी, मदत पाहिजे. माझं बेळगावात टिळकवाडीला कॉम्प्युटर रिपेरीचं छोटं दुकान आहे, वायरिंगची कामं चार-पाच पॉइंटच्या वर कधी घेतली नव्हती. यंदा खानापूरला एका सौहार्द सहकारी संस्थेच्या नव्या ऑफिसचं काम गावलं, खाली काउंटर, वर मॅनेजर आणि वसुलीवाले, सगळे मिळून २२ पॉइंट. केबल कॅट सिक्स, ओढणं आणि क्रिम्पिंग (टोकाला कनेक्टर दाबून बसवणं) ओळखीच्या इलेक्ट्रिशियननं केलं, स्विच आणि रॅक मी बघितला.

आता खालचे पॉइंट चालतात खरं वरच्या मजल्यावरचे लांबचे पाच त्रास द्यायलेत, लिंकचा स्पीड कधी १०० एमबीपीएसवर, कधी १० वर, मध्येच लिंक तुटते, टॅली उघडायला टाकून खाली जाऊन चहा पिऊन यावं. माझ्याकडं तो दोन तुकड्यांचा लाईटवाला टेस्टर आहे, तीनशे रुपयांचा, तो लावला तर १ ते ८ दिवे दोन्हीकडं ओळीनं लागतात. तो इलेक्ट्रिशियन मेस्त्री म्हणतोय 'एल्ला बरोबर ऐतरी' (सगळं बरोबर आहे), तुमचा स्विचच खराब. स्विचचा पोर्ट बदलला, पॅच कॉर्ड बदलली, लॅपटॉप बदलला, काय फरक नाही. फॉल्स सीलिंग झालंय, रंग झालाय, परत केबल ओढायची म्हटली तर चेअरमन मला तिथंच पुरतील.

बजेट ४-५ हजार. सर्टिफायर (केबलीची पूर्ण तपासणी करणारं मशीन) लाखात जातो, तो आपल्या आवाक्यातला नव्हे. लांबी दाखवणारा घेऊ का टोनरवाला (केबलीत आवाज सोडून ती कुठली ते शोधणारा)? का असलाच अजून एक चांगला लाईटवाला?

प्रतिसाद
दादा, टेस्टर नंतर घ्या, आधी टोकाचा कनेक्टर उजेडात धरून रंग वाचा की. लाईटवाला टेस्टर एवढंच बघतो की इकडची १ नंबर वायर तिकडं १ लाच गेलीय. केबलीतल्या आठ वायरी दोन-दोनच्या जोडीनं पिळलेल्या असतात, कोण कुणाशी पिळलंय हे त्याला कळत नाही. ३ आणि ६ एकाच जोडीच्या पाहिजेत, म्हणजे पांढरी-हिरवी आणि हिरवी, मधे निळी जोडी. बऱ्याच जणांना वाटतं जोडीशेजारी जोडी लावली आणि दोन्हीकडं सेम ठेवलं की झालं. दिवे सगळे लागतात, आणि लांब केबलीत सिग्नल एकमेकांत मिसळतो. ह्याला स्प्लिट पेअर म्हणतात. शॉर्ट केबलीत खपून जातं.

मूळ धागाकर्ता
काल गेलो होतो. तुम्ही म्हटलं तस्संच! ३ ला पांढरी-हिरवी आणि ४ ला हिरवी, शेजारीशेजारी, बघायला एकदम नीटनेटकं. पाचही पॉइंटची दोन्ही टोकं कापून पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी अशी लावली, पाचही १००० वर आले. मेस्त्रीला दाखवलं तर म्हणाला, 'दोन्हीकडं सेम होतं की ओ'. मग खालचे पॉइंट बघितले, सगळे तसलेच. आता १७ राहिलेत, कनेक्टरची पिशवी संपली. टेस्टरचं सांगा आता.

प्रतिसाद
मग लांबी नको बघू, माहितीत 'स्प्लिट पेअर' असं स्पष्ट लिहिलेलं बघ. क्लाईनचा लॅन स्काऊट ज्युनियर ते दाखवतो, किंमत आणि बजेट जुळतंय का बघून घे. चायनावाल्यांत डिस्प्ले मोठा असतो खरं हे फीचर असेलच असं नाही, घेताना एक केबल मुद्दाम चुकीची क्रिम्प करून सोबत ने आणि दुकानातच लावून बघ. टोनर वेगळा घे, रॅकवर नंबर टाकले नसतील तर तोच जास्त कामाला येतो. आणि हो, साधा टेस्टर चालू पीओई (केबलीतूनच वीज देणाऱ्या) स्विचच्या पोर्टला लावू नको, माझा एक त्यातच गेला.

मूळ धागाकर्ता
नंबर टाकलेले नाहीत ओ. टोनर घेतोच.