धडा ‘झाला’ की धडा ‘आला’?

पार्लेकर आजोबा

माझी नात चौथीत आहे. शाळेतून आली की मी तिची वही बघतो. परवा म्हणाली, "आजोबा, भागाकार झाला." मी तिला 96 भागिले 8 करायला दिलं. पेन्सिल वहीवर टेकवून ती बराच वेळ बसली आणि म्हणाली, "हे झालंय, पण मला येत नाही."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती, लाजही नव्हती. आज पाऊस आहे, इतक्या सहज तिने ते सांगितलं. तेव्हापासून ही दोन क्रियापदं माझ्या डोक्यातून जात नाहीत.

‘येणे’ बघा. मला पोहता येतं, तिला पुरणपोळ्या येतात, त्याला मोडी येते. ‘मला’, ‘तिला’, ‘त्याला’: विद्या चालत येते आणि माणसापाशी थांबते. हिंदीतही ‘आना’ असंच वापरतात. आता ‘भागाकार झाला’ हे वाक्य घ्या. त्यात मूल कुठे आहे? भागाकार आपला आपण झाला आणि निघून गेला. मुंबईच्या शाळांत ‘पोर्शन झाला’ म्हणतात, तेही तसंच.

हे फक्त शाळेपुरतं असतं तर मी इथे लिहायला बसलो नसतो. आमच्या सोसायटीची लिफ्ट जुनी आहे. महिन्यातून एकदा मेन्टेनन्सचा मुलगा येतो, गच्चीवर मशीन रूममध्ये जातो, कार्डावर सही करतो आणि "झालं काका" म्हणून निघतो. कार्डावर एकही महिना रिकामा नाही. पण लिफ्ट मजल्याच्या दोन-तीन इंच खाली थांबू लागली आणि दुसऱ्या मजल्यावरच्या आजी त्या पायरीला अडखळून पडल्या. मनगट मोडलं. नंतर दुसऱ्या, वयस्क माणसाला आणलं. त्याने पाहिलं, तर ब्रेकचं लायनिंग झिजून गेलेलं, आणि खाली पिटात, म्हणजे लिफ्टच्या तळाच्या खड्ड्यात, पावसाचं पाणी साचून धक्का झेलणाऱ्या बफरच्या स्प्रिंगवर गंजाचे पापुद्रे आलेले. सह्या मात्र सगळ्या जागच्या जागी.

सर्व्हिसिंग ‘झालं’ होतं. नातीचा भागाकार झाला होता, तसंच.

तर जाणकारांना विचारायचंय: आपल्या भाषेत कामाचा आणि शिक्षणाचा कस सांगणारे शब्द कोणते होते, आणि त्यांचं काय झालं?

शाळाबाई

परळ भागातल्या पालिकेच्या शाळेत माझी तीस वर्षं गेली, म्हणून आधी शिक्षकांच्या बाजूने लिहिते.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 24 वाचा. शिक्षकाने संपूर्ण अभ्यासक्रम ठरलेल्या वेळेत पूर्ण करायचा, असं तिथे म्हटलंय. हे तुमचं ‘झालं’. आणि त्याच्या लगेच पुढच्या खंडात आहे की प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता जोखायची आणि लागेल तिथे जादा शिकवायचं. हे ‘आलं’. कायद्यात दोन्ही शेजारी शेजारी आहेत. पण पहिल्याचा हिशेब तारखेवर होतो, वरून विचारणा होते, रकाना भरावा लागतो. दुसऱ्यासाठी पन्नास मुलांच्या वर्गात एकेकाशेजारी बसावं लागतं. आणि कलम 27 ने शिक्षकांना बाकीच्या कामांतून सोडवलं तरी जनगणना, निवडणूक आणि आपत्तीतलं मदतकार्य त्यांच्याकडे राहिलंच आहे. मतदार याद्या घेऊन चाळीचे जिने चढताना मला वर्गात राहिलेली उजळणी आठवायची.

तुम्ही शब्द विचारलात, तर ‘ढकलपास’ घ्या. पुष्कळांना वाटतं तो या कायद्याने आणला. आमच्या लहानपणीही तो होता, प्रगतिपुस्तकावर ‘वर चढवले’ असा शेरा यायचा. फरक इतकाच, की तो शेरा दिसायचा. बाप चिडायचा, आई कोणाकडून तरी शिकवणी लावायची. आठवीपर्यंत कोणालाच मागे ठेवायचं नाही असं ठरलं आणि शेरा गेला. कच्चं मूल आणि पक्कं मूल एकाच ओळीत वर गेलं. 2019 च्या दुरुस्तीने राज्यांना पाचवी-आठवीला परीक्षा घेऊन थांबवण्याची मुभा दिली, महाराष्ट्राने 2023 मध्ये ती वापरली. मला ते पूर्ण पटत नाही. नापास केल्याने वाचता येत नाही, वाचायला शिकवल्याने येतं. पण न येणं लपवू नये, हे मला पटतं.

मुंबईच्या वस्त्यांतल्या बालवाड्यांपासून सुरू झालेल्या ‘प्रथम’ या संस्थेने 2005 पासून ‘असर’ ही मुलांच्या शिकण्याची पाहणी चालवली आहे. ती गावांमधली असते, पण रीत बघण्यासारखी आहे. मूल कितवीत आहे याला फार महत्त्व नाही. घरी जाऊन त्याच्या हातात सोपा मजकूर देतात, आणि वरची पायरी म्हणजे दुसरीच्या पातळीचा उतारा. वाचता येतं का? बस.

शब्दखूण

शाळाबाईंच्या ‘कितवीत’वरून एक सांगतो. इयत्ता हा शब्द संस्कृत ‘इयत्’ म्हणजे ‘इतकं’ यापासून आला. इयत्ता म्हणजे इतकेपणा, माप. चौथी इयत्ता म्हणजे खरं तर ‘याला इतकं येतं’ असं सांगणं. आपण ते बाकाचा क्रमांक असल्यासारखं वापरतो.

आता आजोबांचा मूळ प्रश्न. परीक्षेसाठीचे आपले जुने शब्द एकत्र मांडले तर पुष्कळसे पाण्यातले निघतात. ‘उत्तीर्ण’ म्हणजे पोहून पलीकडे निघालेला, ‘तरणे’चंच घराणं. ‘पारंगत’ म्हणजे पैलतीराला गेलेला. ‘स्नातक’ म्हणजे न्हालेला, अध्ययन पुरं करून स्नान केलेला. आणि ‘निष्णात’ म्हणजे त्या विषयात पुरता बुडून न्हालेला.

या शेवटच्या शब्दासाठी पाणिनीने वेगळं सूत्र केलं आहे: निनदीभ्यां स्नातेः कौशले. ‘नि’ किंवा ‘नदी’ यांच्यापुढे ‘स्ना’ (न्हाणे) हा धातू आला तर ‘स’चा ‘ष’ होतो, पण कौशल्य सांगायचं असेल तरच. नुसती आंघोळ केली तर ‘निस्नात’. कसब अंगी आलं तर ‘निष्णात’. ‘नदीष्ण’ही तसाच: नदी कुठे खोल, कुठे उथळ, हे ज्याला ठाऊक आहे तो. कसब आहे की नाही यावर अक्षर बदलतं, इतकी काळजी त्या व्याकरणकाराने घेतली. मला हे सूत्र पहिल्यांदा समजलं तो दिवस अजून आठवतो.

‘काठावर पास’ हा शब्दही याच पाण्यातला वाटतो. 35 गुण म्हणजे काठ हाताला लागला. पण काठाला लागायलाही मधलं पाणी कापावं लागतं. आज पूल बांधून पलीकडे नेतात आणि त्यालाही ‘उत्तीर्ण’च म्हणतात.

नवी नोकरी

मी बोलू का? लोअर परळला नोकरीला लागून आठ महिने झाले. बीकॉम, फर्स्ट क्लास. पहिल्या आठवड्यात साहेबांनी एका ग्राहकाच्या तक्रारीला उत्तर लिहायला सांगितलं आणि मला चार ओळी जुळवता आल्या नाहीत. मराठीत नाही, इंग्रजीत नाही. बाथरूममध्ये जाऊन रडले.

कॉलेजात तीन वर्षं आम्ही ‘अपेक्षित’ प्रश्न पाठ केले. प्रश्न त्याबाहेरचा आला की पोरं म्हणायची, "हे अपेक्षित नव्हतं." ऑफिसातही तेच. ट्रेनिंग म्हणजे दोन दिवस व्हिडिओ. शेवटी स्क्रीनवर हिरव्या अक्षरांत ‘100 टक्के पूर्ण’. आवाज बंद करून दुसरं काही करत बसलं तरी तो आकडा येतो. माझा आला. मला काय येतं, हे अजून कोणी विचारलेलं नाही. तुमच्या नातीसारखं ‘येत नाही’ म्हणायचं धाडस माझ्यात असतं तर बरं झालं असतं.

वाचनवेडा

‘होणे’ला इतकं दोषी धरू नका. 1862 मध्ये मुंबई विद्यापीठाचे पहिले पदवीधर निघाले: रानडे, भांडारकर, वागळे, मोडक. आपण म्हणतो, ते ‘बीए झाले’. डॉक्टर होणं, सुगरण होणं, हातातलं पोर तयार होणं. तिथे ‘होणे’ म्हणजे माणूस बदलणं. क्रियापद तेच, कर्ता वेगळा. माणूस झाला की काम झालं, एवढाच प्रश्न आहे.

गिरणगाव

वाचनवेडा यांनी नेमकं बोट ठेवलं. माझे वडील कापड गिरणीत साचेखात्यात होते. साचा म्हणजे माग, हे नव्या लोकांना सांगावं लागतं. त्यांच्या तोंडी ‘काम शिकला’ क्वचितच असायचं. ते म्हणायचे, ‘हात बसला’. सुटलेला धागा पकडून गाठ मारायची, तीही कापडात दिसू नये अशी. दहा वेळा सांगून ते येत नाही. जुन्या माणसाच्या हाताखाली राहावं लागतं, आणि एक दिवस हात आपोआप तिथे जातो.

‘हाताखाली’ या शब्दाकडेही बघा. वर कुणाचा तरी हात आहे, हे त्यात गृहीत आहे.

‘उमेदवारी’ तशीच. फारसीत उमेदवार म्हणजे आशा धरून असलेला. पूर्वी छापखान्यात, वकिलाकडे, कारखान्यात पोरगा उमेदवारी करायचा, म्हणजे कमी पैशांत किंवा फुकटच राबून काम शिकायचा. त्यात पिळवणूकही होती, ते नाकारत नाही. 1961 च्या अप्रेंटिस कायद्यातल्या अप्रेंटिसला आजही मराठीत ‘शिकाऊ उमेदवार’ म्हणतात, पण बोलण्यात उमेदवार आता निवडणुकीत उरलाय किंवा मुलाखतीच्या रांगेत.

आणि वाईट कामाला शब्द कमी नव्हते. वेठ, वेठ मारणं: संस्कृत ‘विष्टि’, सक्तीची मजुरी. जे काम आपलं नाही, ते माणूस वेठीसारखं करतो. ‘पाट्या टाकणं’ तर रोजचं. पाटी म्हणजे वाहायची टोपली. ती रिकामी केली की वाहणारा सुटला, भिंत सरळ उभी राहते का ते दुसऱ्याने बघायचं. गिरणीत असं करणाऱ्याचं नाव सगळ्या खात्याला माहीत असायचं. तुमच्या लिफ्टच्या कार्डावर सही आहे, पण त्या पोराला नावाने किती जण ओळखतात?

पार्लेकर आजोबा

गिरणगाव यांचा शेवटचा प्रश्न मला लागला. मी त्याचं नाव विचारलेलं नव्हतं.

काल तो आला. वर मशीन रूममध्ये त्याच्याबरोबर मीही गेलो. दर वेळी मी ‘झालं का?’ विचारायचो. काल विचारलं, "तुला हा ब्रेक सेट करता येतो का?" तो कार्डाकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "नाही काका. तीन दिवस एका सिनियरबरोबर फिरलो, चौथ्या दिवशी चाळीस बिल्डिंगा दिल्या. ब्रेक कोणी उघडून दाखवलाच नाही."

त्या वयस्क मेकॅनिकला मी फोन केला. शनिवारी तो पिटातलं काम करायला येणारच होता. म्हणाला, "पोराला थांबवा, त्याच्या हाताने करून घेतो." कालच्या तारखेपुढे मुलाने सही केली नाही. रकाना रिकामाच आहे.

नातीला मी रोज दोन भागाकार घालतोय. 96 भागिले 8 आता येतो. बाकी उरली की अजून गोंधळते.