मदत हवी आहे: एकाच नावाच्या दोन शेअर्ड लायब्ररी, दुसरं मॉड्यूल लोड झालं की प्रोग्राम क्रॅश

नमस्कार, लिनक्सवर सी प्लस प्लसमधे एक प्रोग्राम लिहिलाय, स्कॅन केलेली कागदपत्रं लावून ठेवणारा. गेल्या आठवड्यात त्याला स्कॅनर बनवणाऱ्यांचं प्लगइन जोडलं, त्याचा सोर्स मिळत नाही, फक्त तयार फाइली. तेव्हापासून सेगमेंटेशन फॉल्ट (चुकीच्या मेमरीला हात लागून क्रॅश).

गंमत म्हणजे क्रमावर सगळं ठरतंय. आधी माझं एक्सपोर्ट मॉड्यूल उघडलं आणि मग स्कॅनर, तर क्रॅश. उलट केलं तर स्कॅनर छान चालतो पण एक्सपोर्ट करायला गेलं की सिम्बॉल लुकअप एरर (हवं ते फंक्शन सापडत नाही) येऊन प्रोग्राम बंद. शेवटी लक्षात आलं की माझ्याकडे लिबकॉमन.एसओ.१ ही शेअर्ड लायब्ररी (प्रोग्राम चालताना जोडली जाणारी कोडची फाइल) आहे आणि त्यांच्या फोल्डरमधेही लिबकॉमन.एसओ.१ आहे, आत अगदीच वेगळा कोड! प्रोसेसचा मॅप्स (मेमरीत काय काय लोड झालंय ती यादी) बघितला तर दोन्ही मॉड्यूल लोड झाल्यावरही लिबकॉमन एकच दिसते, जी आधी आली ती.

काय काय करून पाहिलं: लायब्ररी कुठे शोधायच्या ते सांगणारा एलडी लायब्ररी पाथ बदलला, फाइलच्या आतल्या शोधायच्या पत्त्यात म्हणजे रनपाथमधे ओरिजिन (फाइलचंच फोल्डर) टाकलं, माझ्या फाइलचं नाव बदललं (मग एक्सपोर्ट मॉड्यूल लोडच होईना, जुनंच नाव शोधतंय). एलडी डीबग (लायब्ररी लोड होताना काय चाललंय ते छापणारी सोय) लावून बघितलं तर दुसऱ्या लिबकॉमनसाठी शोध घेतल्याची ओळसुद्धा येत नाही, हे का ते मला खरंच कळत नाहीये. मॉड्यूल उघडणाऱ्या डीएलओपन फंक्शनला लेझी (लागेल तेव्हाच फंक्शन शोध) आणि ग्लोबल (आतली नावं बाकीच्यांनाही दिसू दे) असे फ्लॅग देतेय. तीन दिवस यातच अडकलेय, कुणी हे सोडवलं असेल तर प्लीज सांगा.

उत्तर

ती ओळ येत नाही यातच उत्तर आहे. लोडर (लायब्ररी मेमरीत आणणारा भाग) आधी बघतो की या एसओनेमची, म्हणजे लायब्ररीच्या स्वतःच्या नोंदलेल्या नावाची, लायब्ररी प्रोसेसमधे आहे का, असेल तर तीच देतो, पाथ शोधायला जातच नाही. म्हणून रनपाथ वगैरेचा इथे काही उपयोग नाही. आणि एसओनेम फाइलच्या आत लिहिलेलं असतं, लिंक करताना तेच एक्सपोर्ट मॉड्यूलच्या नीडेड (लागणाऱ्या लायब्ररींच्या) यादीत गेलं, त्यामुळे नुसतं फाइलचं नाव बदलून भागत नाही. फाइलच्या आतली माहिती दाखवणारं रीडएल्फ मायनस डी चालवा, दोन्हीकडे दिसेल.

त्यांच्या फाइलींना हात लावू नका, पॅचएल्फने (तयार फाइल बदलणारं टूल) बदलता येतील पण पुढच्या अपडेटला सगळं पुसलं जाईल. तुमचा सोर्स तुमच्याकडे आहे ना, मग तुमच्याच लायब्ररीला प्रोजेक्टच्या नावाचं एसओनेम द्या आणि सगळं पहिल्यापासून बिल्ड करा. पायथनचं ऑडिटव्हील हे टूल हेच करतं, व्हीलमधे (पायथनचं तयार पॅकेज) कॉपी केलेल्या लायब्ररीच्या नावात हॅश (फाइलवरून काढलेला कोड) घालतं आणि एसओनेमही बदलतं, म्हणजे दोन पॅकेजची टक्कर होत नाही.

तो ग्लोबल फ्लॅगही काढा, लोकल द्या. नाहीतर लायब्ररी दोन झाल्या तरी सारख्या नावाची फंक्शन्स एकमेकांत घुसतील.

प्रश्नकर्ती

खूप खूप आभार! एसओनेम बदलून क्लीन बिल्ड केलं, आता मॅप्समधे दोन्ही वेगळ्या दिसतायत. फ्लॅग मुद्दाम आधी तसाच ठेवून बघितला तर क्रॅश होताच, जीडीबी डीबगरच्या बॅकट्रेसमधे (कोणी कोणाला बोलावलं ती साखळी) त्यांचं प्लगइन माझ्या लॉग_इनिट फंक्शनमधे शिरलेलं दिसलं. एनएम मायनस डीने दोन्ही लायब्ररींमधल्या नावांच्या याद्या काढून ताडून पाहिल्या, तीन फंक्शन्स सेम नावाची निघाली. लोकल केलं आणि माझी आतली फंक्शन्स व्हिजिबिलिटी हिडन करून झाकली, आता कुठल्याही क्रमाने उघडा, चालतंय.

एकच विचारते, सिस्टीमच्या लिब फोल्डरमधे माझी जुनी लिबकॉमन अजून आहे, ती काढून एलडीकॉन्फिग (लायब्ररींची नोंद ताजी करणारं) चालवू ना?

उत्तर

हो, पण आधी तिच्यावर दुसरं काही अवलंबून नाही ना ते बाकीच्या प्रोग्रामांवर एलडीडी (कुठल्या लायब्ररी लागतात ते दाखवणारं) चालवून बघा.