रायगड आणि सिंधुदुर्गच्या अर्थव्यवस्थेतला फरक मोजायचा कसा?

हर्णैकर: एम.ए.च्या प्रोजेक्टसाठी दोन जिल्ह्यांची तुलना करतोय. रायगडात न्हावाशेवा बंदर, थळचा खत कारखाना, सिंधुदुर्गात काजू, हापूस, मासळी नि होमस्टे. फरक डोळ्यांना दिसतोच, पण सर म्हणाले एका आकड्यात दाखव. 2011 च्या जनगणनेतले कामगारांचे आकडे काढलेत, पुढे काय करू?

देवगडचा: क्रुगमन इंडेक्स काढ, सोपा आहे. प्रत्येक क्षेत्रात किती टक्के लोक ते दोन्ही जिल्ह्यांसाठी लिही, वजाबाकी कर, वजाचं चिन्ह सोडून दे नि सगळं मिळव. समजा एकीकडे शेती 60, उद्योग 10, सेवा 30 आणि दुसरीकडे 30, 30, 40. फरक 30, 20, 10, बेरीज 60 टक्के, म्हणजे इंडेक्स 0.6. त्याचं निम्मं 30, म्हणजे एका जिल्ह्यातल्या 100 पैकी 30 जणांनी धंदा बदलला तर दोन्ही सारखे होतील. 0 आला तर तंतोतंत सारखे, 2 आला तर कामधंद्यात काहीच सामाईक नाही.

मालवणची: सूत्र बरोबर आहे पण आधी गट बघ रे. जनगणनेच्या मूळ तक्त्यात चारच आहेत, शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योग आणि इतर. त्या 'इतर'मध्ये उरणच्या बंदरावरचा क्रेनवाला नि आमच्याकडे रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढणारा एकत्र बसतात! हापूसवाला शेतकरी, पण नारळ-सुपारीवाला पुन्हा 'इतर'. गट असे मोठे ठेवलेस की फरक आत दबतो आणि इंडेक्स लहान येतो, म्हणून उद्योगवार बारीक वर्गीकरणाचे तक्ते घे. आणि आमच्या शेजारचा दादा बघ, जून-जुलैत मासेमारी बंद म्हणून भातलावणी, ऑगस्टपासून बोटीवर खलाशी, एप्रिल-मेत बोट सोडून आंब्याच्या पेट्या भरतो. कागदावर त्याचा मुख्य धंदा एकच लागणार. सीमांतिक कामगारांचे, म्हणजे वर्षात सहा महिन्यांपेक्षा कमी काम केलेल्यांचे, आकडे गाळू नकोस, कोकणात अर्धी गोष्ट तिथेच असते, विशेषतः बायकांची.

पनवेलहून: अजून एक, जनगणना माणूस राहतो तिथे मोजते. आमच्या इमारतीतले निम्मे लोक सकाळच्या लोकलने मुंबईला जातात, ते सगळे रायगडच्या सेवाक्षेत्रात धरले जाणार. जिल्ह्याची सरासरी एकच धरलीस तर पनवेल-उरणच्या आकड्यांखाली दक्षिणेकडचे म्हसळा-श्रीवर्धनसारखे ग्रामीण तालुके दिसणारच नाहीत.

हर्णैकर: हे डोक्यातच आलं नव्हतं, खूप आभार सगळ्यांचे. पनवेल नि उरण बाजूला काढून उरलेल्या रायगडचा इंडेक्स वेगळा काढतो, मग सिंधुदुर्गशी फरक किती उरतो ते इथेच टाकतो.