मदत हवी आहे: दोन तुकड्यांच्या लाकडी धनुष्याचा मुठीतला जोड ढिला झालाय

नमस्कार मंडळी,

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी स्वतःच्या हाताने धनुष्य केलं. पोटाला (ओढणाऱ्याकडची बाजू) धामणीचं लाकूड, पाठीला (निशाण्याकडची बाजू) मानवेल बांबूची पट्टी, लांबी ६६ इंच, दोरी २८ इंच ओढायला ४० पाउंड जोर. एवढं लांब धनुष्य एसटीत नेता येत नाही, म्हणून मुठीत कापून दोन तुकडे केले. खालच्या तुकड्यावर १० सेंमीची स्टेनलेस नळी इपॉक्सीने कायमची बसवली. ती ५ सेंमी वर उघडी राहते आणि वरच्या तुकड्याचं कोरलेलं कुसू, म्हणजे बारीक केलेलं टोक, तिच्यात सरकवायचं.

उन्हाळ्यापर्यंत जोड इतका नेमका होता की तुकडे वेगळे करताना 'टप्' असा आवाज यायचा. मी चिपळूणजवळ राहतो, इकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहेच. जुलैत कुसू असं फुगलं की दोघांनी धरून ओढलं तरी सुटेना. ऑक्टोबरात कसंबसं सुटलं आणि आता डिसेंबरात ते नळीत चक्क खुळखुळतंय.

दोरी चढवल्यावर ठीक वाटतं, पण साधारण २० इंच ओढलं की मुठीत 'कट्' होतं. काल नळीच्या तोंडाशी टॉर्च धरून पाहिलं. पाठीकडे पोस्टकार्ड शिरेल एवढी फट, पोटाकडे लाकूड नळीला घट्ट टेकलेलं. कुसू बाहेर काढलं तर त्याच जागी काळपट, चकचकीत पट्टा दिसतो, दाबून दाबून झिलई आल्यासारखा. वरचा बाहू किंचित फिरतो, त्यामुळे दोरीही मुठीच्या मध्यावरून जात नाही.

टेफ्लॉन टेप गुंडाळून पाहिली, दोन दिवस टिकली. गावातले सुतारकाका म्हणतात, कुऱ्हाडीच्या दांड्यासारखं रात्रभर पाण्यात ठेव, फुगून बसेल. मला धीर होत नाही. हे धनुष्य मला वाचवायचंच आहे. काय करू?

प्रतिसाद १

पाण्यात अजिबात ठेवू नका! मुळात त्याच कारणाने जोड गेलाय. ओलाव्याने लाकूड आडवं फुगतं, लांबीत जवळजवळ नाहीच. नळी जराही पसरत नाही, मग फुगणारे तंतू आतल्या आत चिरडले जातात. सुकल्यावर लाकूड आक्रसतं ते मूळ मापाच्याही खाली. भिजवलेला दांडा आज घट्ट बसतो आणि वाळला की आधीपेक्षा ढिला होतो, तेच इथे होईल.

आधी कुसू नीट सुकू द्या. वरचा तुकडा दर तीन-चार दिवसांनी वजन करा, वजन उतरायचं थांबलं की सुकलं समजा. मग कुसू मिलिमीटरभर घासून कमी करा आणि ८० नंबरच्या पॉलिश पेपरने खरबरीत करा. नळीला आतून मेणाचे दोन-तीन हात द्या, एक कोपराही सुटता कामा नये, नाहीतर इपॉक्सी नळीला कायमचं चिकटेल. पाच मिनिटांत सुकणारं नको, २४ तासांचं इपॉक्सी घ्या, त्यात बारीक भुसा कालवा, कुसवाला लावा आणि आत सरकवा. कुसवावर उभी एक खाच ठेवा, नाहीतर तळाशी अडकलेली हवा ते परत बाहेर ढकलते. लगेच दोन्ही टोकांना दोरा ताणून तो मुठीच्या मध्यावरून जातोय ना ते बघा आणि हात न लावता सोडा. लाकडावर नळीच्या मापाचं कडक अस्तर तयार होतं आणि ओलावाही हळू शिरतो.

पण त्याआधी कुसवाचा खांदा, म्हणजे जाड लाकडातून कुसू सुरू होतं ती जागा, तपासा. तिथला कोपरा काटकोनी असेल तर सगळा ताण त्याच रेषेवर येतो. भेग दिसली तर धनुष्य ओढू नका.

पुढे रोज काम झालं की दोरी उतरवा, तुकडे वेगळे करा, पुसा, मेणबत्ती फिरवा. खोबरेल तेल नको, त्यावर धूळ बसते आणि पुढे इपॉक्सी धरत नाही. पावसाळ्यात तुकडे जोडून ठेवायचेच नाहीत.

धागाकर्ता

मनापासून आभार. खांदा भिंगातून पाहिला, कोपरा काटकोनीच आहे. पाठीकडे केसासारखी रेघ दिसते, नखाला लागते. ही लाकडाची रेघ की भेग, कसं ओळखायचं?

प्रतिसाद २

स्पिरिटचा थेंब टाका आणि लगेच पुसा. वरचं क्षणात उडतं, भेगेत शिरलेलं मागे ओली रेघ ठेवतं.

धागाकर्ता

ओली राहिली. दोनदा केलं, दोन्ही वेळा तीच रेघ, जवळजवळ अर्ध्या कुसवाभोवती. म्हणजे ओढीच्या भरात हातात तुटलं असतं.

कुसू कापून टाकतोय. मुठीचं पुढचं लाकूड गोल करून त्यावर आतली नळी चिकटवणार, म्हणजे धातूत धातू सरकेल आणि लाकूड फुगलं तरी जोडाला लागणार नाही. खांदा या वेळी गोलाईत घेईन. ६६ चे ६४ इंच होतील, ओढ थोडी जड होईल, चालेल. सोमवारी लेथवाल्याकडे जातोय. दोन नळ्यांमध्ये मोकळीक किती सांगू? ०.१ मिमी डोक्यात आहे, पण चिपळूणच्या दमट हवेत धूळ चिकटून अडकेल का?